गिरणीवाल्याची सतरा पानं

९ फेब्रुवारी १९८७, सोमवार

मला शपथ घातली आहे, म्हणून तोंड बंद. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. म्हणून ही वही. वहीला कुणी शपथ घातलेली नाही.

चौथ्या मजल्यावरच्या लाझार पेन्देवला दिसत नाही.

हे लिहिलं आणि बरं वाटलं.

मी या इमारतीचे जिने धुते, खाली तळघरात राहते आणि सात वर्षं याचं जेवण करते. कपडे, बाजार, औषधं, सगळं मीच. तो मोठा नट. रेडिओवर होता, सिनेमात होता, टीव्हीवर तर दर शुक्रवारी पोलीस कमिसार होऊन यायचा, तेव्हा सोफिया शहरातले रस्ते ओस पडायचे. अजून लोक त्याला ‘कमिसार’ म्हणून हाक मारतात. दोन वर्षांपासून तो जिन्यात ओळख देईनासा झाला. मला वाटलं, म्हातारपणी गर्व चढला. मीही जिन्यात ओळख देणं बंद केलं, घरात फक्त कामापुरतं बोलायचो. दोन वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांवर रुसून होतो आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

आज पोस्टमनच्या बायकोने त्याचा जुना फोटो पाठवला, सही मागितली होती. याने ऐटीत पेन काढलं आणि झोकात सही केली. फोटोच्या शेजारी. माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर.

मी म्हटलं, “मायेस्त्रो, ढोसून बसलात काय सकाळी सकाळी?”

नाटकातले सगळे त्याला मायेस्त्रो म्हणजे उस्ताद म्हणतात, तशी मीही म्हणते. तो म्हणाला, “दार लाव, दोब्रिने.” आणि सांगितलं. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. दारात कुणी उभं आहे कळतं, कोण ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार.

मी म्हटलं, “मग सांगायचं ना लोकांना. पाप केलंय का?”

तेव्हा त्याने खिशातून पत्र काढलं. रेडिओचं. चार दिवस खिशात घेऊन फिरत होता, वाचता येत नव्हतं म्हणून. मी वाचून दाखवलं, लागला थोडा वेळ. नवं नाटक आहे, त्यात म्हाताऱ्या गिरणीवाल्याचं मुख्य काम. दोन वर्षांत पहिलं बोलावणं.

“रेडिओवर कागद हातात धरून वाचतात,” तो म्हणाला. “ज्याला वाचता येत नाही त्याला कोण बोलावेल? हे काम गेलं की मी संपलो. मग नुसता पेन्शनीतला म्हातारा. शपथ घे.”

घेतली. दुसरं काय करणार?

११ फेब्रुवारी

नाटकाची पानं आली. याचा डाव असा: मी वाचायचं, याने ऐकून पाठ करायचं आणि स्टुडिओत कागद हातात धरून वाचल्याचं सोंग करायचं.

मी म्हटलं, “मी चौथी शिकलेली बाई. बोट लावल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. वरच्या मजल्यावरची मास्तरीण वाचेल की.”

“ती गावभर करेल.”

हे खरं आहे.

याच्या वाट्याची सतरा पानं आहेत. आज अडीच झाली. मोठा शब्द आला की मी अडते, मग तुकड्यातुकड्याने काढते. तो डोळे मिटून ऐकतो. एकदाही हसला नाही. हसला असता तर पानं तिथंच टाकून खाली गेले असते.

गोष्ट साधी आहे. धरण बांधलंय, गाव पाण्याखाली जाणार. सगळे निघाले, गिरणीवाला निघत नाही, कारण बायको तिथं पुरलेली. शेवटी तो तिची हाडं काढून बरोबर नेतो. माझ्या मावशीचं गाव असंच गेलं. त्यात नाटक करण्यासारखं काय आहे मला कळलं नाही.

१४ फेब्रुवारी

सतरा पानं पाठ. एक शब्द इकडचा तिकडे नाही. या वयात! मला काल बाजारातून काय आणायचं ते आठवत नव्हतं.

खूश होता. मी भिंतीवरचे फोटो पुसत होते, तर प्रत्येक फोटोची कथा सांगत बसला. न बघता सांगत होता, कुठला फोटो कुठल्या खिळ्याला आहे हे पाठ. हा घोड्यावर बसलेला खान, आमच्या देशाचा जुना राजा, म्हणजे तो, सिनेमातला. घोडा चावला होता, कुठं ते सांगणार नाही म्हणाला. हा बिशप. हा जनरल. तरुणपणी रात्री रेडिओवर मुलांना गोष्ट सांगायचा, तो हा मायक्रोफोनपुढचा. अर्धा देश त्याच्या आवाजाने झोपलाय.

“शेवटचा कुठला?” मी विचारलं.

“तो भिंतीवर नाही. टीव्हीची मालिका होती. मला दाराकडे चालत जायचं होतं. मी दिव्याच्या खांबाकडे गेलो. खांब पडला. सगळ्यांना वाटलं, प्यायलोय. मीही ‘हो, प्यायलोय’ म्हणालो.”

म्हणजे दारुडा चालेल, आंधळा नको. पुरुषांची अक्कल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज रेडिओत पहिली तालीम. टेबलाभोवती बसून नुसतं वाचायचं. मी पिशवी घेऊन बरोबर गेले, याच्या छातीच्या औषधाचे थेंब पिशवीत असतात. बाहेर बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू आलं.

याने सुरू केलं. काय आवाज! चर्चची घंटा वाजावी तसा. मी मनात म्हटलं, जिंकलं.

मग दिग्दर्शक बोलली. बिस्त्रा गान्चेवा नाव, चौतीस-पस्तिशीची, केस पोरासारखे कापलेले.

“मायेस्त्रो, फार सुंदर.”

“आभारी आहे.”

“नाही हो. फार सुंदर आहे, हीच अडचण आहे. राजा बोलतोय. मला गिरणीवाला पाहिजे. त्याच्या नाकातोंडात पीठ गेलंय, बायको मेलीय, घर बुडतंय. तो इतकं छान कसं बोलेल?”

कुणीतरी खोकलं. तिने अजून दोनदा करून घेतलं. मला तर दर वेळी पहिल्यापेक्षा छान वाटलं. बाईचा चेहरा मात्र दर वेळी जास्त पडत असावा, कारण शेवटी ती हळू म्हणाली, “बारा मार्चला रेकॉर्डिंग आहे. त्या आधी मला गिरणीवाला सापडला नाही, तर मी प्लोवदिवहून दुसऱ्याला बोलावते. तुमच्याशी खोटं बोलणार नाही, तुमचा आवाज ऐकत मी लहानपणी झोपलेय.”

ट्राममधून उतरताना मी दंड धरला, तर झटकला. मग पायरी चुकली, तेव्हा धरू दिला.

२० फेब्रुवारी

जेवला नाही. घेवड्याचं सूप तसंच परत आणलं.

संध्याकाळी आपणहून बोलला. याचा बाप गावात दवंडी पिटायचा. गळ्यात ढोल, चौकाचौकात थांबून सांगायचं, कर भरा, गुरं बांधा, उद्या डॉक्टर येणार. एका हिवाळ्यात बापाचा घसा बसला, बारा वर्षांचा हा गेला. इतकी सुंदर दवंडी दिली की बायका खिडकीत आल्या. घरी आल्यावर आईला विचारलं, कशी झाली? आई म्हणाली, “फार गोड बोललास रे. पण नक्की कधी यायचं आणि कुठं, ते काही कळलं नाही.”

तो हसला. मग हसता हसता थांबला.

“चौसष्ट वर्षं झाली, दोब्रिने. आईचंच बरोबर होतं की काय, अशी आज भीती वाटतेय.”

मी म्हटलं, “सूप गरम करू का?” रिकाम्या पोटी माणूस असलं काहीही बोलतो.

२४ फेब्रुवारी

भांडण झालं. मी आता वर जाणार नाही. एकदा सांगितलं ते सांगितलं.

झालं असं. चुलीवर कोबी ठेवला होता, खाली बायका लिफ्टसाठी ओरडत होत्या आणि याला बारावं पान परत ऐकायचं होतं. बारावं पान म्हणजे जिथं गिरणीवाला बायकोच्या कबरीपाशी बोलतो. मी म्हटलं, पाठ आहे ना? तर म्हणे, “एकदाच.”

मी उभ्या उभ्या, एक डोळा कोबीवर ठेवून वाचलं. “ऊठ, नेदा. गाडी उभी आहे. सगळे थांबलेत. पाणी परवापर्यंत इथं येईल म्हणतात. तुला पाणी आवडत नाही. ऊठ. किती वेळ लावतेस.” असं ते आहे. मध्ये एक ‘पुनर्वसाहत’ की काय असा घाणेरडा शब्द आहे, तिथं नेहमीसारखी अडले. अडले, मनातल्या मनात शिवी दिली, पुढं गेले.

म्हातारा ताठ बसला. “परत.”

परत वाचलं.

“परत. तसंच.”

“तसंच म्हणजे कसं? कोबी करपतोय!”

“हां. असंच. परत.”

पाच वेळा! पाचव्यांदा मी अक्षरशः ओरडत वाचलं. आणि हा बसल्या बसल्या ओठ हलवत होता, माझ्या पाठोपाठ. नक्कल करत होता माझी. अडले तिथं अडत होता!

मी पानं आपटली. “मायेस्त्रो, मला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. चौथीनंतर मी तंबाखूची पानं ओवली. तुम्ही खेळ बघायला मला वर बोलावता का?”

तो म्हणाला, “थांब. एक विचारू? तुझा नवरा गेला तेव्हा तू काय बोललीस?”

हे विचारायचं असतं का कुणाला? पण रागात होते, सांगून टाकलं. स्तोइल दगडाच्या खाणीत होता. दुपारी चौघांनी फळीवर घालून आणला. मी नुकतीच जमीन पुसली होती. मी म्हटलं, “बूट काढा त्याचे, सगळा चिखल करतील.” एवढंच बोलले. नणंद अजून ते विसरलेली नाही. बारा वर्षं गावभर सांगत फिरते, की दोब्रिना दगड आहे.

तो म्हणाला, “आणि काढले?”

“मीच काढले. नाड्या ओल्या होत्या, सुटत नव्हत्या. वेळ लागला.”

मग मी खाली आले. कोबी करपलाच.

२७ फेब्रुवारी

तीन दिवस वर गेले नाही. चौथ्या मजल्याची त्सोना म्हणाली, म्हातारा रिकाम्या घरात कुणावर तरी ओरडतोय, ‘ऊठ, ऊठ, किती वेळ लावतेस’. डोकं फिरलं वाटतं, म्हणाली.

फिरू दे.

१ मार्च, रविवार

आज मार्ताआजीचा दिवस. आज सगळ्यांनी सगळ्यांच्या मनगटाला लाल-पांढरा धागा बांधायचा असतो, मग वर्षभर आजारपण येत नाही म्हणतात. एकट्या माणसाला धाग्याविना ठेवणं बरं नाही, म्हणून वर गेले. भांडण वेगळं, धागा वेगळा.

हात पुढं केला त्याने. बांधला. त्याने डोकं वाकडं करून डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न केला. “लाल कुठला आहे?”

“वरचा.”

“माफ कर मला, दोब्रिने. मी खेळ बघत नव्हतो.”

“मग काय करत होता?”

“शिकत होतो.”

माझ्याकडून! मी म्हटलं, असली लोणी लावणारी बोलणी त्या बिस्त्रापुढं करा, काम तरी टिकेल. फ्रिज उघडला तर आत एक दही आणि एक कांदा. चार दिवस हेच खाल्लं असणार. पातळ पोळ्यांची बानित्सा भाजली, आत चीज भरपूर घातलं.

५ मार्च

आता कागदांची तालीम. रेडिओचे कागद शिवलेले नसतात, सुटे असतात. पान संपलं की आवाज न करता बाजूला सरकवायचं, नाहीतर फडफड टेपवर येते. पण हा वाचतच नसला तर याला कसं कळणार पान कधी संपलं? म्हणून शब्द ठरवले. ‘विहीर’ म्हटलं की पहिलं सरकव. ‘तुझ्या भावाने’ म्हटलं की दुसरं.

मी समोर बसून जुन्या वर्तमानपत्रावर सराव घेते. चुकला की टेबलावर चमचा आपटते. आज अकरा वेळा आपटला.

“खानाच्या घोड्यालासुद्धा एवढं शिकवलं नव्हतं,” म्हणाला.

“घोडा लवकर शिकला असेल.”

बारावं पान मात्र तो माझ्यापुढं म्हणून दाखवत नाही. “तिथं ऐकशील,” म्हणतो. तिथं म्हणजे सगळं बुडाल्यावर.

१२ मार्च, गुरुवार

कोट न काढताच लिहायला बसलेय, अक्षर वाकडं येईल.

मला स्टुडिओच्या काचेबाहेर, यंत्रांच्या खोलीत बसायची परवानगी मिळाली, थेंबांमुळे. शेजारी झाप्रियान. तो आवाजाची यंत्रं सांभाळतो, पेन्शनीला एक वर्ष राहिलंय आणि म्हाताऱ्याला तीस वर्षं ओळखतो. बिस्त्रा मागे उभी. प्लोवदिवचा कुणीतरी खरंच येऊन बाहेर बाकावर बसला होता, चांगला कोट घातलेला.

आत तो मायक्रोफोनपुढं, हातात कागद. आणि मी बघते तर कागद उलटे!

खालचं वर. वरची मोठी अक्षरं खाली. रेडिओच्या बाईने दारात कागद हातात दिले, माझ्या हातून गेले असते तर असं झालं नसतं. मी तोंडावर हात ठेवला. काचेतून ओरडून उपयोग नाही. झाप्रियानकडे बघितलं, तो यंत्राचं बटण बोटाने पुसत होता. बिस्त्राकडे बघायची हिंमत झाली नाही. लाल दिवा लागला.

याने सुरू केलं. तो आवाजच नव्हता! घंटा कुठं गेली कोण जाणे. कोरडा, घाईचा, तुटक आवाज. माणूस ओट्यापाशी पाठमोरा उभा राहून बोलतो तसा. मी म्हटलं, गेलं, घाबरला म्हातारा, आवाजही गेला. पानं मात्र बरोबर सरकवत होता. ‘विहीर’, सरकलं. ‘तुझ्या भावाने’, सरकलं. उलटी पानं, पण वेळेवर.

बारावं पान आलं.

“ऊठ, नेदा. गाडी उभी आहे. सगळे थांबलेत.” बायकोवर चिडल्यासारखा बोलत होता. बस चुकेल म्हणून चिडतात तसा. “तुला पाणी आवडत नाही.” मग तो घाणेरडा शब्द आला आणि हा अडला. पाठ असलेला शब्द! अडला, श्वास घेतला, पुढं गेला. “ऊठ. किती वेळ लावतेस.” आणि हे ‘किती वेळ लावतेस’ तो इतक्या हळू बोलला, की जणू ओली नाडी सोडवत होता.

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. त्या खोलीत धूळ फार आहे, कधी पुसत नसावेत.

लाल दिवा विझला. मी बिस्त्राकडे वळले, सांगायला की त्यांची तब्येत बरी नाही, अजून एक संधी द्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, “झाप्रियानकाका, हे ठेवायचं. परत नको.” मग बाहेर गेली आणि प्लोवदिवच्या माणसाला घरी पाठवलं.

म्हणजे काम टिकलं! अशा बोलण्यावर! मला यांचं काही कळत नाही.

झाप्रियान आत गेला, याच्या हातातले कागद घेतले, सुलटे केले, नीट जुळवून परत हातात दिले. टापटिपीचा माणूस आहे. मग मायेस्त्रोच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

देवाची कृपा, कागद उलटे होते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही मायेस्त्रोला सांगितलं नाही. उगाच धसका घेईल.

५ एप्रिल, रविवार

आज नाटक लागलं. याच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं, मी, तो आणि त्सोना. त्सोनाला बोलावलं नव्हतं, ती आपोआप येते.

बारावं पान आलं तशी त्सोना माझ्याकडे बघायला लागली. मग याच्याकडे. मग परत माझ्याकडे. संपल्यावर म्हणाली, “अगं दोब्रिने, ही तर तूच! जिना ओला असताना आम्हाला ओरडतेस, अगदी तश्शीच!” आणि रडत होती. ओरडण्याला कोण रडतं?

ती गेल्यावर मी याला धारेवर धरलं. “माझी चौथीची अक्कल सगळ्या देशाला ऐकवलीत. तो शब्द मला येत नव्हता म्हणून मी अडत होते! तुम्हाला येत होता!”

“गिरणीवाल्यालाही येत नव्हता,” तो म्हणाला. “धरणाच्या साहेबांचा शब्द तो. त्याच्या तोंडात बसेल कसा? मला राजासारखा येत होता, तेच चुकत होतं.”

“मग मी रोज थोडं वाचन वाढवते. पुढच्या वेळी नीट वाचीन.”

“खबरदार!” असा ओरडला, की कप हलले. हा मात्र खानाचा आवाज होता.

९ एप्रिल

पोतंभर पत्रं आली. बारा वाचली. डोळे दुखले. लोक फार बारीक लिहितात.

११ एप्रिल, शनिवार

याचा नामदिवस. आज सगळ्या लाझारांचा दिवस असतो. नामदिवसाला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो आपोआप येतो, आपण फक्त टेबल मांडून बसायचं. मागच्या वर्षी तिघं आले होते, त्यातला एक गॅसचा मीटर बघायला आलेला. मी दहा जणांपुरतं केलं, उरलं तर उद्या खाऊ म्हणून.

बेचाळीस आले. मी मोजले, कारण माझा धुतलेला जिना तुडवत आले. नाटकातले, सिनेमातले, टीव्हीवरचे, टीव्हीत दिसतात त्यापेक्षा सगळे बुटके. त्सोनाकडून खुर्च्या आणल्या, मास्तरिणीकडून ताटं, राकिया दारूच्या बाटल्या त्यांनी आपापल्या आणल्या होत्या. मी याच्या खुर्चीमागे उभी राहिले, कोण आलं ते हळूच कानात सांगायला. ठरलंच होतं तसं.

पण माझी गरजच पडली नाही. या लोकांची रीत बघून मी थक्क झाले. प्रत्येक जण दारातूनच मोठ्याने स्वतःचं नाव सांगत येत होता. “मायेस्त्रो, मी झाप्रियान, डावीकडून येतोय!” “मी बिस्त्रा, मायेस्त्रो, हात पुढं करतेय!” तीस-तीस वर्षांची ओळख आणि तरी नाव सांगतात. खानाच्या सिनेमात ज्याने याच्या घोड्याचा लगाम धरला होता, तो एक टकल्या म्हातारा आला, तर म्हणे, “मी, तुझा लगाम! आणि हा पेला, तुझ्या उजव्या हाताला ठेवतोय.” कुठं ठेवला तेसुद्धा सांगतात! नटांना बोलल्याशिवाय काही करताच येत नाही.

बिस्त्राने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“दोब्रिनामावशी, जूनमध्ये नवं नाटक करतेय. मायेस्त्रोंना घेऊनच. तुम्हीही या. काचेच्या बाहेर नाही, आत, त्यांच्या शेजारी. खुर्ची ठेवते.”

“आत मी काय करू?”

“पाणी द्या. थेंब द्या. काय वाटेल ते करा. पण त्यांच्याबरोबर आधी पानं... म्हणजे घरी त्यांना सोबत करा, करता तशी. मंगळवारी सुरू करू.”

“मंगळवारी मला लिफ्ट धुवायची असते.”

तिने दारातून झाप्रियानकडे बघितलं. झाप्रियानने खांदे उडवले.

“बुधवार चालेल?” ती म्हणाली.

बुधवार चालेल म्हटलं.

सगळे गेल्यावर भांडी घासताना मी याला सांगितलं, “मायेस्त्रो, निर्धास्त राहा. बेचाळीस माणसं घरात होती, एकालाही कळलं नाही.”

तो हसायला लागला. इतका हसला, की डोळे पुसायला त्याला मी रुमाल दिला. “नाही ना?” म्हणाला. “एकालाही नाही?”

“एकालाही नाही. मी सगळ्यांवर नजर ठेवून होते.”

“तू आहेस म्हणून, दोब्रिने,” म्हणाला आणि माझा ओला हात धरून बसला. मी जरा वेळ धरू दिला. भांडी पडली होती.

बिस्त्राने नव्या नाटकाची पानं ठेवलीत. आताच उघडून बघितली. अक्षरं ही एवढी मोठाली, एका पानावर दहा ओळी! मला बोट न लावता वाचता आल्या. कागदाची नुसती उधळपट्टी. रेडिओतल्या टाइप करणाऱ्या बाईचे डोळे गेले असावेत बिचारीचे. कुणाला सांगत नसेल.